पीक

सावद्याला, भंगाळेंच्या रायपनिंग चेंबरसाठी
पुण्याहून येऊन-जाऊन प्रोग्राम लिहिला,
तेव्हा मी नुसती शिडी रचली होती:
केळं असेल तर अठरा अंश, चोवीस तास गॅस,
आंबा असेल तर असं,
पपई असेल तर तसं,
नाहीतर…
नवं फळ आलं की रात्री शिडी उतरायची,
मधली पायरी कापून नवी ठोकायची,
आणि सकाळी केळंच कच्चं निघायचं.

नबाब तडवी दार उघडता-लावता बघत असे.
शाळा चौथीपर्यंत, एकवीस वर्षं घडांच्या संगतीत.
म्हणाला, "बाई, कॅरेटले काहून इचारते, तू कोन हाय म्हनून?
नुसतं म्हन, पीक.
कसं पिकायचं, ते ज्याचं त्याले ठावं."

मी हसले.
त्याच रात्री शिडी मोडली.
'फळ' नावाचा एक बाप लिहिला,
त्याच्या पदरात एकच शब्द घातला,
बाकी लेकरांवर सोडलं.
केळ्यानं गॅस मागितला,
गावरान आंब्यानं गवताची ऊब.
सीताफळानं फक्त अंधार मागितला,
आणि कुणी दाबून बघू नये, एवढंच.

आता पावतीवर 'फळ, बावीस कॅरेट' इतकंच असतं.
ताडपत्री सुटेपर्यंत माझ्या ओळीला ठाऊक नसतं
आत कोण बसलंय.
ती हाक मारते. उत्तर आतून येतं,
ज्याचं त्याच्या वाटेनं.

फसलंही एकदा.
मार्चात यावलकडून लिंबं आली.
लिंबापाशी स्वतःचं उत्तर नव्हतं, ते बापाकडे गेलं,
आणि बापाचा कागद मी कोराच ठेवलेला.
नऊ दिवस हिरवीगार, टक लावून बसली.
तडवी म्हणाला, "पिकनं हे तेचं कामच नाही. तेले हाकच दुसरी मारा लागते."
ती हाक अजून लिहायची आहे.

परवा रात्री दोनला फोन वाजला.
नुसता नंबर, नाव नाही.
चेंबरचा अलार्म, की साहेब?
पलीकडून एक खोकला,
मग एवढंच: "बोल."

"काय झालं व माय?"

कोणाला, कोणत्या बोलीत,
हे मी ठरवलं नव्हतं.
तोंड उघडलं, तेव्हा ते ठरून गेलं होतं.