ठिगळ

सोहारला, नवऱ्याचा रात्रपाळीचा डबा भरून झाला
की मी दोन मजले खाली उतरते.
झुवैना दार उघडते. कॉफी, वेलदोडा,
आणि कोपऱ्यात चादरीखाली मशीन,
आजारी पाहुण्यासारखं गप्प.

वीस वर्षं तिने पुरुषांच्या टोप्यांवर
सुईने भोकं विणली,
तांदळाच्या कणीएवढी, एकेका टोपीत शेकडो.
आता डोळे दमलेत.
म्हणून मशीन. म्हणून मी:
तिचं बारीक कापायचं मी कापायचं,
बदल्यात तिने शिकवायचं.

पहिला धडा नुसता ताणण्याचा.
रिंगणात कापड, खाली कडक अस्तर,
टिचकी मारली की डफासारखं वाजलं पाहिजे.
माझं वाजलं सादळलेल्या पापडासारखं.
चारदा काढलं, चारदा घातलं.
"शुवै शुवै," ती म्हणाली. दमानं.

मग सुई एकटीच धावली,
माशाची बाह्यरेषा काढली एका दोऱ्यात
आणि थांबली. लाल दिवा.
"किफ," झुवैना म्हणाली.
अरबीतला एवढा एकच शब्द मला वाचता येतो,
बंदराच्या रस्त्यावरच्या आठ कोनी लाल पाटीवरचा.

थांबलं की आपली पाळी.
रेषा पुरती झाकेल असा तुकडा ठेवायचा.
मी ठेवला नारिंगी, नवऱ्याच्या जुन्या बॉयलर सूटचा.
सुईने त्याला चहूबाजूंनी जखडलं.
किफ.
आता कात्री, बदकाच्या चोचीची,
टाक्याला खेटून, टाका न दुखवता.

पहिल्या माशाची शेपटी मी टाक्यासकट कापली.
मशीनला काय त्याचं!
शेपटी नव्हतीच तिथेही
त्याने मन लावून रेशीम भरलं.

आईने शिकवलेलं ठिगळ वेगळं.
आतून लावायचं, त्याच रंगाचं,
टीप कुणाला दिसता कामा नये.
तरी शाळेत प्रार्थनेला उभी राहताना
मी दप्तर गुडघ्यापुढे धरायचे.
आणि इथे ही दाट, चकचकीत कड,
टाक्याला टाका चिकटून,
बघा बघा म्हणणारी.

"तुमच्यात काय म्हणतात याला?"
ठिगळ.
"तिगल," झुवैना म्हणाली. पुन्हा, "तिगल."
ठ काही तिच्या टाळूला सापडेना.
मी मोडक्या हिंदीत सांगितलं,
आमच्याकडे म्हण आहे,
आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं?
तिने सुईत दोरा ओवता ओवता विचार केला.
"आधी माप घे," म्हणाली.

चौथा मासा जमला.
एक डोळा जरा वर गेलाय,
कल्ल्यावर कंपनीच्या नावाची दोन अक्षरं
उलटी राहिलीत.
शाल्मलीच्या दप्तरावर लावला
तर तिने विचारलं, हा काय खातो?

शुक्रवारी नवऱ्याने गाडी धुवायला
तोच बॉयलर सूट चढवला.
मला वाटलं होतं, टाकलाय त्याने.
डावा हात खिशात घालायला गेला
आणि थेट मांडीला लागला.
खिशाच्या जागी खिडकी,
कडा मात्र सुबक कापलेल्या.

तो काही बोलला नाही.
दारातल्या दप्तराकडे बराच वेळ बघत राहिला,
मग बादली उचलून खाली गेला.
वरून मला दिसत होतं:
उजवा हात काच पुसतोय,
आणि डावा, जुन्या सवयीने,
दर थोड्या वेळाने
खिसा शोधतोय.