नाहीतर

लॅपटॉप खुंबोचा.
मागच्या सत्रात त्याच्यावर गोड चहा सांडला,
तेव्हापासून ई उमटत नाही.
बाकीची पंचवीस अक्षरं शहाण्यासारखी कामाला येतात,
स्पेस जरा चिकटते, एवढंच.

ई नसला की काय काय अडतं
हे आमच्या अभ्यासक्रमात नाही.
इफ लिहिता येतं, एल्स नाही.
फॉर चालतं, व्हाइल शेवटच्या पायरीवर घसरतं,
रिटर्न तर दुसऱ्याच अक्षराला बसकण मारतं.
म्हणजे 'जर' आहे, 'नाहीतर' नाही.
खुंबो म्हणाला, आमच्या घरचंही असंच आहे, वेझी.
जर फी भरली.
पुढचं कुणी लिहिलेलंच नाही.

फीची तारीख गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी
म्झुझूच्या बसतळावर माझ्या हातात लॅपटॉप देऊन
तो जोहान्सबर्गला निघाला.
नुसता पडून राहिला तर मुंग्या लागतील, म्हणाला.
बाकी काही नाही.

आता मी ई उसना आणते.
त्याची एक जुनी फाइल आहे, चहाच्या आधीची.
पहिल्याच ओळीत टिप्पणी:
वेझी, इथली चूक तू शोध, मी झोपतो.
माझ्या नावातलं दुसरं अक्षर उचलते.
एकदा उचललं की बॅटरी संपेपर्यंत पुरतं,
चाळीस मिनिटं,
वीज सातालाच गेलेली असते.
मेणबत्तीपाशी आई सुक्या उसिपाचे वाटे घालते,
विचारते, त्याच त्या दोन कळा किती वेळा दाबतेस गं?
आज घरभर मासळीचा वास आहे
आणि माझ्या प्रोग्रामभर
त्यानं लिहिलेलं माझं नाव, तुकड्यातुकड्यानं.

काल परीक्षा झाली. कागदावर.
स्वेटर घातलेले आम्ही एकोणसाठ जण,
म्हांगो सर रांगांमधून फिरताहेत.
प्रश्न चौथा: साखळी यादीतली एक नोंद काढून टाका,
बाकीची साखळी तुटता कामा नये.

पेन टेकवलं आणि ई आला.
आपला आपण, शाईतून, वळण घेत.
हात दचकला.
पुन्हा लिहून पाहिला. एल्स लिहिलं,
स्वच्छ, दोन्ही टोकांना ई असलेलं,
आणि त्याच्याखाली काय लिहायचं ते सुचेना.

साखळी जोडली मी. सुटसुटीत, चार ओळींत.
मग गुण कापले तर कापोत म्हणून
दोन तिरप्या रेघा ओढल्या,
ज्यांच्या पुढचं यंत्र वाचत नाही,
आणि लिहिलं:
खुंबो, ऊठ. चूक सापडत नाहीये.