बुकरा

फुजैराच्या बंदरासमोर टँकर नांगरून उभे असतात.
मी खिडकीतून मोजले, सव्वीस.
ओजसच्या कागदावर सत्तावीस.
जास्तीचं जहाज माझं आहे, म्हणाला,
त्यात व्हिलन राहतो.

साठ दिवसांचा व्हिजिट व्हिसा, बाहेर सेहेचाळीस अंश,
एक खोली, एक एसी, तोही खोकणारा.
मी डिलिव्हरी चलनांचे पाठकोरे गठ्ठे आणून दिले,
पोराने त्यांवर देव उतरवले:
वरुण, पाश खांद्यावर टाकून
क्रेनच्या सावलीतून मगरीवर बसून निघालेला;
अग्नी, तेलाच्या टाकीवर मांडी घालून;
इंद्राच्या वज्रातून वेल्डिंगच्या ठिणग्या.
देव काढायला सोपे असतात, बाबा.
त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं.

व्हिलन मात्र आठवडाभर जमेना.
शिंगं काढली, खोडली.
दहा तोंडं? नको, ती झालीत.
खोडरबराचा चुरा चादरीवर, उशीत,
एकदा तर आमटीत.

मग मी माझं शहाणपण काढलं.
राक्षस कसा, आधी एका पायावर तप करतो,
मग वर मागतो, आणि मागताना काहीतरी विसरतो.
दिवसा मरण नको म्हणतो, रात्री नको म्हणतो,
संध्याकाळ राहूनच जाते.
तेवढ्या फटीतून देव आत शिरतात.

ओजसने पेन्सिल चावत ऐकून घेतलं.
मग माझा व्हिलन वर मागणारच नाही, म्हणाला.
फट राहीलच कुठून?

त्याचं नाव बुकरा.
चिलखत नाही, गदा नाही.
जहाजावरच्या केबिनमध्ये बसतो, हातात रबरी शिक्का.
ज्यावर उमटवेल ते उद्यावर जातं.
वरुणाने पाश फेकला. ठप्प.
इंद्राने वज्र उगारलं. ठप्प. हात वरचा वरच.
अग्नी अर्धा पेटलेला, तसाच.

हा शब्द कुठे शिकलास?
इथे तर सगळेच म्हणतात तो,
कुन्हिमोन पगाराबद्दल, गुलरेज उधारीबद्दल,
एसीवाला एसीबद्दल.
फोनवर, म्हणाला.
आई रजेचं विचारायची आणि तू सांगायचास, बुकरा.
मला वाटायचं, कुणा माणसाचं नाव आहे,
त्याने तुला धरून ठेवलंय.

तेव्हा कुठे मी चित्र नीट पाहिलं.
केबिनमधल्या माणसाला माझ्या मिशा होत्या.
मग काय करू, ओजस म्हणाला,
बघून काढायला खोलीत दुसरं कोण होतं?

देवांनी आता काय करावं, यावर तीन रात्री वाद.
थांबतील, मी म्हटलं. देवांना घाई नसते.
या युगात जमलं नाही तर पुढच्या युगात येतात.
म्हणजे तेही बुकराच म्हणतात!
आणि उताणा पडून हसत सुटला,
नुकत्याच पडलेल्या सुळ्याची फट दाखवत.

एकोणसाठाव्या दिवशी मी त्याला विमानात बसवलं.
उशीखाली शेवटचं चलन राहिलं होतं.
एका चौकटीत देव, केबिनबाहेर रांगेत,
प्रत्येकाच्या हातात टोकन, मगरीच्यासुद्धा.
पुढची चौकट कोरी,
कोपऱ्यात बारीक अक्षरात:
बाबा, ही तू काढ.

मला साधी बादलीसुद्धा काढता येत नाही.
दोन दिवस चौकट भिंतीला चिकटवून ठेवली.
तिसऱ्या दिवशी पहाटे, ड्यूटीआधी,
बेसिनपाशी उभा राहून मिशा काढल्या.

गेटवर आमच्या आचऱ्याचा तातू मेस्त्री थबकला.
हेल्मेट काढून हळूच म्हणाला,
घरचं कोण गेलं रे?
घरचं नाही, म्हटलं. ओळखीचा होता.

रजेचा अर्ज मी कुन्हिमोनच्या टेबलावर ठेवला.
त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग तारखेकडे,
आणि ड्रॉवर उघडून
शिक्का शोधायला लागला.