दोन हात

ठेका आला तेव्हा मी बिदर रोडला
कृषी केंद्राची पाटी लिहीत होतो.
नगरपालिकेचा शिपाई म्हणाला, रौफभाई,
विमान रंगवता का?
म्हटलं, टँकर रंगवलेत, ताबूत रंगवलेत,
मंडळाचा हलता हत्तीसुद्धा.
विमानाला काय वेगळी कातडी असते?

उदगीरच्या मैदानाकडेला दोन खोल्यांचं नौदल संग्रहालय.
एकीत हेल्मेट, होकायंत्र, जहाजाचं लाकडी मॉडेल,
दुसरीचं कुलूप उघडत नाही.
बाहेर सिमेंटच्या चौथऱ्यावर अलिझे.
ट्रेलरवरून आलं होतं पंख मिटून,
नाक्यावर विजेच्या तारा बांबूनं उचलाव्या लागल्या.
समुद्र इथून एवढा लांब
की आमच्याकडं खारं म्हणजे बोअरचं पाणी.

पंख्याला कुणीतरी लिंबू-मिरची बांधलेली.
पोटाखाली शेळ्या,
एप्रिलात अख्ख्या मैदानात तेवढीच सावली.
आधी शेळ्या उठवल्या, मग खरवडायला घेतलं.

वरचा राखाडी नगरपालिकेचा, स्वस्तातला,
पापडासारखा सुटला.
खालचा राखाडी सुटेना.
त्याच्याखाली पिवळट हिरवा प्राइमर,
त्याच्याही खाली पत्रा,
इतका कोरा की मला माझी दाढी दिसली.

तिसऱ्या दिवशी हुडगे आले.
नागनाथ हुडगे, देवणीचे,
चोवीस वर्षं नौदलात विमानांचे मेकॅनिक,
आता गुडघ्याला पट्टा, हातात कापडी पिशवी.
लोक तोंडाकडून बघायला लागतात,
हे शेपटाकडून लागले.
शेपटाखालचा आकडा दाखवला:
"ह्यानं डेकवरची तार धरायची.
धरली तर उतरलो. नाही तर परत वर.
आणि वर जाता नाही आलं, तर..."
पुढं त्यांनी पिशवीतनं चष्मा काढून पुसला.
मी म्हटलं, आडात पोहरा पडला की
आम्ही असाच गळ सोडतो.
"हाव," ते हसले, "फक्त तिथं आडच पळत असतो."

पंख कसे मिटायचे ते हातांनी दाखवलं,
दोन्ही कोपरं वर, बोटं डोक्यामागं,
भर उन्हात उभा म्हातारा.
शाळेची पोरं खिदळली.
एका पोरीनं दप्तर खाली ठेवलं
आणि तसंच करून बघितलं.

चाकाच्या कप्प्यात डोकं घातलं
तर कोपऱ्यात पांढरी पूड.
बोट लावून जिभेवर ठेवलं.
मीठ!
हुडगे खालून ओरडले,
चाटू नका, ॲल्युमिनियमचा गंज आहे तो.
असेल.
जिभेला खारंच लागलं.

त्याच कप्प्यात, प्राइमरवर,
खिळ्यानं इंग्रजीत कोरलेलं: जोसेफ.
खाली चार उभ्या रेघा,
पाचवी आडवी मारायची राहिलेली.
हुडगे म्हणाले, जोसेफ दोन होते.
एक कोट्टयमला रबराची झाडं लावून बसलाय.
दुसरा रात्री डेकवर, फिरत्या पंख्याजवळ.
मग हा कुठला?
त्यांनी हात आत घालून अक्षरं चाचपली,
बराच वेळ.
"कळत नाही. दोघांचंही अक्षर वाईटच."

ठेक्यात लिहिलंय, आतून-बाहेरून दोन हात.
मी पेंटर. नावं लिहिणं माझा धंदा,
दुकान बुडालं की पुसणंही माझंच.
सगळीकडं दोन हात दिले.
तेवढ्या जागी एकच,
टर्पेंटाइन जास्त घालून, पातळ.
पुढं जो खरवडेल त्याला सापडू दे.

शेवटी नंबर लिहिला, हुडगे सांगतील तसा.
"शून्याला पोट नको, रौफभाई,
नौदलाचं शून्य उपाशी असतं."

संध्याकाळी शेळ्या परत आल्या,
ओल्या रंगाला घासून बसल्या.
आता उदगीरच्या बाजारात एक शेळी फिरती,
कुशीवर समुद्री राखाडी पट्टा.
हुडगे रस्त्यात थांबतात,
चष्मा लावतात,
आणि तिला नंबर विचारतात.