अर्थिंग

दिघोरी. नत्थूजी वैरागडेंची पुढची खोली.
मे महिन्याचे साडेसहा,
कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास,
आणि क्रोशाचं झाकण बाजूला सारून ठेवलेला
त्यांचा कॉम्प्युटर,
जो रोज सातच्या सुमारास मरतो.

"काहून मरते ते सांगून द्या, मॅडम.
शेजारचा पोरगा म्हणते व्हायरस.
मी म्हणतो, व्हायरसले घड्याळ समजते का?"

प्रश्न बरोबर होता.
सातला वस्ती कामावरून परतते, दारोदारी कूलर,
भिंतीतले दोनशे तीस एकशे नव्वदवर येतात.
म्हणून आधी भिंत पाहिली. बटण, प्लग, स्टॅबिलायझर.
मग पिशवीतली माझी केबल लावली.
मग रॅम काढून खोडरबराने घासली,
काही सुचत नसलं की सगळेच घासतात.
मशीन सुरू झालं.
नत्थूजी खूश. मी नाही.

"लिहिता काय?"
"लाइनी."
अडतीस वर्षं वीज मंडळात. कुही, भिवापूर, उमरेड.
कोणता खांब नाल्यात, कोणत्या खांबावर मोहोळ,
कोणत्या गावात खाली उतरलं की ताक मिळायचं.
एका बोटाने टाइप करतात, खांब चढावा तसं,
आणि दर ओळीनंतर सेव्ह,
पायाखालचं तपासून घेत.

मल्टिमीटरचं टोक पिवळ्या तारेत मागून खुपसलं.
बारा पूर्णांक एक.
"आता राबवा त्याला," मी म्हटलं.
त्यांनी नातवाच्या बारशाचा व्हिडिओ लावला.
अकरा आठ.
अकरा तीन.
पाळणा हलत होता.
दहा नऊ,
आणि पडदा काळा.
पंख्याने दोन गिरक्या उधारीवर घेतल्या.

अकरा हजार व्होल्टच्या खाली जन्म काढलेला माणूस
त्या आकड्याकडे बघत राहिला.
"एवढ्याशानं?"
"एवढ्याशानंच."

सप्लाय काढून वर्तमानपत्रावर ठेवला.
हिरव्या-काळ्यात पेपरक्लिप घातली. पंखा फिरला.
बिनओझ्याचं फिरणं, त्याचा भरवसा नाही,
वरातीत नाचणाऱ्यालाही ताप असू शकतो.
प्लग काढला. चार स्क्रू. आत धूळ, एक वाळलेला झुरळ,
डोकी फुगलेले तीन कपॅसिटर, बुडाशी तपकिरी चिकटा.
मी नीट बघायला स्क्रूड्रायव्हर आत घातला,

आणि मनगट धरलं गेलं.

"थांब, पोरी."
मॅडम कुठे गेलं कोण जाणे.
"लाइन बंद केली म्हणजे मेली नसते.
आधी अर्थिंग दे."

मला माहीत होतं.
मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसून राहतात,
हे दुकानातल्या पोरांना मीच सांगते.
मलाच ते त्या संध्याकाळी आठवलं नव्हतं.

पिशवीत होल्डरला दोन तारा जोडलेला बल्ब असतो.
टोकं टेकवली.
बल्ब एवढासा उजळला, काजव्याइतका,
आणि विझला.

आम्ही दोघं बघत होतो.
"हरबाजी शेंडेच्या वेळी लाइन बंदच होती," ते म्हणाले,
"लॉगबुकात तशी नोंद आहे. गावात कोणाच्या तरी घरचं जनरेटर..."
पुढचं त्यांनी तिथेच ठेवलं.
मीही उचललं नाही.
कूलरचं पाणी संपलं होतं, मोटार कोरडी ओरडत होती,
ते बादली आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी बर्डीवरून नवा सप्लाय.
सात वाजले. सव्वासात.
बारा पूर्णांक शून्य चार, जागचं हललं नाही.
नत्थूजींनी सलग सहा ओळी लिहिल्या,
सेव्ह न करता. सातवीला थांबले,
आणि जुन्या सवयीने केलंच.

बिलावर लिहिलं: पॉवर सप्लाय एक, मजुरी दोनशे.
त्यांनी नोटा मोजून दिल्या
आणि बल्ब मागितला.
"तो नाही देता येत, काका.
पुढच्या घरी लागतो."
"हो," ते म्हणाले, "लागतेच."