सातवी आवृत्ती

शुक्रवारी सातवी आवृत्ती बाहेर पडायची.
डेअर्सबरीत चारलाच अंधार,
कालव्यावर एक अरुंद बोट, धुराड्यातून कोळशाचा वास,
आणि मी टाइप करत बसलेली: नवीन काय.

नवीन काय?
मोठे रेणू आता निम्म्या वेळात.
जड धातूंसाठी नवे आधारसंच.
गणित मधेच अडकलं तर आता मुकाट मरत नाही,
कुठे अडकलं ते सांगून मरतं.
(एवढी सुधारणा आमच्या घराण्यातही चालली असती.)

चाचण्यांत पहिली नेहमी पाण्याची.
तीन अणू, दहा इलेक्ट्रॉन.
प्रत्येकाने उरलेल्या नऊंचा अंदाज घेत सरकायचं,
तोवर नऊही सरकलेले,
म्हणून पुन्हा अंदाज,
पुन्हा,
जोवर कुणालाच हलावंसं वाटत नाही.
अकरा फेऱ्या. मग उणे शहात्तर पूर्णांक शून्य दोन
आणि पुढची शेपटी, मला पाठ,
सातारच्या घरच्या जुन्या फोन नंबरासारखी.

मंगळवारी सातवा दशांश बदलला.

फेलिसिटी म्हणाली, नव्या कोडची चूक.
मीही तेच म्हणाले.
दोन रात्री नवा कोड सोलून काढला.
तिसऱ्या रात्री चूक सापडली जुन्यात:
फोरट्रानची एक ओळ, सत्त्याऐंशी सालची,
एका स्थिरांकात आठाच्या जागी तीन,
वर टिपण: टंकन एन., तपासले ए.

अडतीस वर्षं त्या तिनावर
प्रबंध झाले, नोकऱ्या लागल्या, एकदोघांचे सत्कार.
कुणाचंच काही अडलं नाही.
सातव्या घरात डोकावतो कोण?

एमरिस प्यू हल्ली रंकॉर्नला असतो, दोन्ही गुडघे नवे.
फोनवर बराच वेळ नुसती किटली ऐकू आली.
मग म्हणाला, "माझ्या आठाचं तोंड उघडंच राहायचं.
नेस्टा टाइप करायची रात्री, मुलं झोपली की.
मी तपासलं म्हणून लिहिलं,
तपासलं नव्हतं.
तिचं कधी चुकायचंच नाही."

पुन्हा किटली.
"पाणी तसं बरोबरच होतं ना, जवळजवळ?"

जवळजवळ, म्हणाले.

नोंदीत लिहिलं: एका स्थिरांकाची दुरुस्ती,
जुन्या निकालांशी सातव्या दशांशात फरक संभवतो.
तिनाचा आठ केला.
टिपण राहू दिलं.
टिपणं यंत्र वाचत नाही,
त्यावरून उड्या मारत पुढे जातं.