पुढची बाजू

मोटार आणायला गेले होते,
उदगीरला, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत.
मन्मथअप्पा हुडगे, रिवाइंडिंग.
टेस्टिंग तेवढं राहिलं होतं आणि लाइट गेली.
"चहा येऊलालाय," अप्पा म्हणाले,
"तवर वर चला. झाडं बघा."

लोखंडी जिना, तापलेला.
गच्चीवर हिरव्या जाळीखाली एकवीस झाडं,
एकही माझ्या गुडघ्याच्या वर नाही.
कोर्टाच्या भिंतीतून उपटून फेकलेला पिंपळ.
हिवर. दोन बाभळी.
आणि एक वड, पारंब्या शिवणाच्या दोऱ्याएवढ्या.
त्याच्याखाली बसावंसं वाटलं मला,
खरंच, चपला काढून, डबा उघडून.
त्या सावलीत माझी करंगळी कशीबशी मावली असती.

"माती आपलीच का, काळी?"
"छे. ती पावसात पाणी धरून बसते
अन् उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते.
मुरूम चाळायचा, विटकरीचा चुरा घालायचा."
नळ नवव्या दिवशी येतो.
तेलाच्या डब्याच्या झाकणाला दाभणानं भोकं पाडलेली,
त्यातून ते पाणी घालतात, एकेका झाडाला मोजून,
आणि घालताना जरा वाकतात,
लहान पोराच्या डोक्यावर घालावं तसे.

मग मी तेच विचारलं जे सगळे विचारत असतील:
छळ नाही का हो हा?
अप्पांनी खिशातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं काढलं.
"जळक्या मोटारीतली आहे.
नवी तार ताठ असते, फांदीलाच मोडते.
जळालेली मऊ पडते.
गुंडाळायची, वाकवायचं, अन् ध्यानात ठेवायचं.
सोडायची तारीख चुकली की रुतते."

हे सांगताना ते बाभळीकडे बघत होते.
तिच्या खोडावर वळ होता, बुंध्यापासून वरपर्यंत
फिरत गेलेला, दोरखंडानं आवळल्यासारखा.
"महानंदाचं डायलिसिस, सोलापूरला. साडेतीन महिने.
शेजारच्या पोरानं रोज पाणी घातलं बिचाऱ्यानं.
तार कोण सोडणार?"

लातूरच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणाले होते,
वळ मागे घ्या, परात फिरवा, पहिला नंबर तुमचाच.
अप्पांनी परातीला हात लावला नाही.
"दरेक झाडाला एक पुढची बाजू असते, मॅडम.
हिची मी नाही ठरवली."
उत्तेजनार्थ मिळालं.
प्रमाणपत्र खाली दुकानात आहे, व्होल्टमीटरच्या मागं,
त्यावर ग्रीसची चार बोटं.

शेवटी चिंच.
दीड वीत उंच, एकतीस वर्षांची.
पानं तांदळाच्या कणीएवढी, हातानं मोडतील अशी,
आणि एका फांदीला लटकलेली चिंच मात्र
पूर्ण, बाजारात मिळते तेवढी, माझ्या मधल्या बोटाएवढी.
फांदी पार झुकलेली.
खाली सायकलच्या स्पोकचा टेकू.

"वाढत कामून नाही म्हणतात लोक.
वाढूलालंय की. त्यांना दिसंना गेलंय.
पान बारीक करता येतं. खोड थांबवता येतं.
फळ ऐकत नाही.
लई पाठीमागं लागलो.
ते आपल्या मापानंच येतं."

तेवढ्यात लाइट आली.
खाली पंखा, रेडिओ, ग्राइंडर एकदम बोलायला लागले.
अप्पांनी चिंच तोडली,
खराब बेअरिंग काढावी तितक्या सहज,
आणि माझ्या हातावर ठेवली. मी नको नको म्हणेपर्यंत
ते जिना उतरलेही होते.
टेकू रिकामा. फांदी किंचित वर आलेली.

रिक्षात, मोटार पायांत धरून, खाल्ली.
दात आंबले.
चिंचोके चार निघाले, टणक, चांगले मोठे.
रुमालात बांधताना बिल उघडून बघितलं:
वाइंडिंग, वार्निश, एक बेअरिंग.
बाराशे चाळीस.